खाऱ्या टँकची सायकल आणि पाणी बदलण्याचा प्रश्न : बडोद्यातल्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

समुद्री माशांचा टँक, म्हणजे खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय, जागेवर बसला. ९० × ४५ × ४५ सेंटिमीटर, काठोकाठ भरला तर १८२ लिटर. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता हिशेबाला १५० लिटर धरते आहे. दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या माडीला लाकडी तुळया आहेत, तिथे एवढं वजन नको म्हणून तळमजल्यावरची मधली खोली घेतली. खाली पक्की फरशी, ऊन अजिबात येत नाही आणि मोरी चार पावलांवर आहे. टँकची जागा ठरवताना लोक आधी दिवाणखाना बघतात. मी मोरी बघितली, कारण पुढची सगळी वर्षं बादल्या मलाच उचलायच्या आहेत.

या नोंदी मुख्यतः एका प्रश्नासाठी ठेवते आहे. मासे आणण्याआधी टँकमध्ये अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जीवाणू वसवावे लागतात, त्याला सायकल म्हणतात. नवा खारा टँक असा सायकल होत असताना पाणी बदलायचं का, आणि बदलायचं तर कधी? कुणी म्हणतं दर आठवड्याला, कुणी म्हणतं हातच लावू नका. मी दरवेळी आकडा लिहीन, काय केलं ते लिहीन आणि का केलं तेही लिहीन.

१३ जानेवारी

पाण्याची तयारी. आमच्याकडे महापालिकेचं पाणी सकाळी येतं आणि उरलेल्या वेळी बोअरचं. बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) आज ९४० आला, नळाचा २६०. पिण्याच्या आरओमधून निघालेलं पाणी ६५ दाखवतं, कारण त्यात चवीसाठी खनिजं परत मिसळण्याची सोय असते. ती इथे नको. प्लंबरकडून मेम्ब्रेननंतर लगेच एक वेगळी नळी काढून घेतली आणि तिच्यावर उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनचं नळकांडं बसवलं. आता मीटरवर ०.

एक लिटर चांगल्या पाण्यामागे तीन लिटर वाया जातं. ते पिंपात साठवून अंगण धुवायला आणि संडासाला वापरतोय. सयाजीराव महाराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आजव्याचं सरोवर बांधून या शहराला पाणी दिलं, त्या गावात दीडशे लिटरसाठी साडेचारशे लिटर गटारात सोडणं माझ्याने होणार नाही.

शेजारचे काका म्हणाले, समुद्र काय लांब आहे, खंभातहून कॅन भरून आणू. नको म्हटलं. साबरमती, मही, नर्मदा आणि तापी, चारही नद्या त्या आखातात उतरतात. भरती-ओहोटीचा फरक देशात सर्वांत जास्त तिथेच, त्यामुळे तळाचा गाळ सदा घुसळलेला असतो. ते पाणी गढूळ, आणि खारेपणाचा भरवसा नाही.

१५ जानेवारी

उत्तरायणाची पतंगबाजी आटोपली, भाची मोकळी झाली, मीठ कालवायला घेतलं.

वाण्याकडचं मीठ का चालत नाही, हे तिने विचारलं. समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या पदार्थांपैकी साधं मीठ साधारण ८५ टक्के. उरलेल्यात लिटरमागे सुमारे १३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम, ४०० च्या वर कॅल्शियम, जवळपास तेवढंच पोटॅशियम, सल्फेट आणि बायकार्बोनेट. त्या १५ टक्क्यांशिवाय ते नुसतं मिठाचं पाणी.

लिटरला ३७ ग्रॅम या हिशेबाने १५० लिटरला साडेपाच किलो साल्ट मिक्स, म्हणजे समुद्री क्षारांचं तयार मिश्रण. आधी पाणी, मग मीठ, थोडं थोडं, पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) चालू ठेवून. उलट केलं तर तळाशी कॅल्शियमचा पांढरा साका बसतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. रात्रभर फिरत ठेवलं.

खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर जुळवायला विकतचं द्रावण मिळालं नाही, घरी केलं : ३६.५ ग्रॅम मीठ आणि ९६३.५ ग्रॅम आरओचं पाणी. याचा अपवर्तनांक ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग) खारेपणाच्या समुद्राच्या पाण्याइतका असतो. बाबा निवृत्त फार्मासिस्ट, त्यांचा जुना काटा बाहेर निघाला. मीठ त्यांनीच तोललं, मला हात लावू दिला नाही.

१७ जानेवारी

दगड आत ठेवले. नैसर्गिक प्रवाळखडक घ्यायचा नाही हे आधीपासून पक्कं होतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली प्रवाळांना संरक्षण आहे, आणि आपल्याच राज्यात कच्छच्या आखातात देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ साली झालं ते याच जीवांसाठी. त्यामुळे कारखान्यात बनवलेले सच्छिद्र दगड घेतले. निम्मे कोरे, निम्मे सुरतेच्या एका मित्राने टँक बंद करताना दिलेले, गच्चीत वाळवलेले.

वाळलेल्या दगडांच्या भोकांमध्ये जुने मेलेले जीव अडकलेले असतात. ते पाण्यात सडून अमोनिया सोडतील, म्हणून बाहेरून अमोनिया अजून घातला नाही. हीटर २६ अंशांवर, रात्री सध्या बाहेर बारा-तेरा असतं. दिवे बंद. स्किमर, म्हणजे फेस करून घाण कपात काढणारं यंत्र, चालू, हवा खेळती राहावी म्हणून. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनाचं नायट्रेट करायला जीवाणूंना सुमारे साडेचार ग्रॅम ऑक्सिजन लागतो.

२१ जानेवारी

अमोनिया २ पीपीएम (लिटरमागे २ मिलिग्रॅम). नायट्राइट ०. पाणी दुधी झालंय, मागचा दगड धूसर दिसतो.

सकाळी बाबा बादली घेऊन उभे. "हे शिळं पाणी काढून टाक, ताजं भर." त्यांचं चुकीचं नाही. आपल्या घरांत रोज सकाळी माठ-कळशी रिकामी करून ताजं पाणी भरायची रीत, दुधी पाणी ठेवायचं म्हटलं की जिवाला बरं वाटत नाही. पण ही धूसरता सडणाऱ्या पदार्थांवर जगणाऱ्या मोकळ्या जीवाणूंची आहे. त्यांचं खाणं संपलं की ते आपोआप कमी होतात. पाणी बदललं तर दोन दिवस स्वच्छ दिसेल, दगडातला माल तसाच राहील आणि पुन्हा दुधी होईल.

आपल्याला हवेत ते जीवाणू वेगळे. ते पाण्यात तरंगत नाहीत. दगडावर, वाळूवर, काचेवर चिकट थर करून बसतात. पाणी बदलल्याने ते वाहून जात नाहीत, हे खरं. पण त्यांचं अन्न अमोनिया, आणि ते मात्र बादलीतून जातं. आई ऐकत होती, म्हणाली, "म्हणजे विरजण लावलंय आणि तुम्ही दूधच काढून घेताय." यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं.

निर्णय : बदल नाही.

२५ जानेवारी

आज मात्र प्रकरण वेगळं आहे.

टेस्ट किटची नळी भाचीने खिडकीशी धरली. खारं पाणी पाच मिलिलिटर, थेंब मोजून, पाच मिनिटं थांबून. पिवळ्याचा पोपटी होतो, पोपटीचा हिरवा. आज हिरव्याच्याही पुढे जाऊन निळसर, काळपट. तक्त्यावरच्या शेवटच्या चौकोनापेक्षा गडद. तक्ता संपला की "भरपूर आहे" म्हणून सोडून देतात, पण तिथेच नेमका आकडा हवा असतो.

मग अर्धं टँकचं पाणी आणि अर्धं कोरं खारं पाणी मिसळून पुन्हा टेस्ट. आता साडेतीनच्या आसपास. दुप्पट केलं की ७ पीपीएम.

सुरतेच्या दगडांतून अपेक्षेपेक्षा जास्त निघालं. अमोनिया जीवाणूंचं अन्न असला तरी पाचच्या वर गेला की त्यांचीच वाढ मंदावते, विशेषतः नायट्राइट खाणाऱ्यांची. पीएच ८.२ ला, २६ अंशांवर, एकूण अमोनियापैकी सहा-सात टक्के मोकळ्या, जहाल रूपात असतो. टँकमध्ये मासा नाही, तेव्हा मरणार कुणी नाही. पण अशा पाण्यात सायकल नुसती रखडते.

४० टक्के बदलायचं ठरलं : ७ चे ४.२ होतील. जास्त बदलता येईल, पण अन्न संपवायचं नाहीये, नुसतं झेपेल इतकं करायचं आहे. ६० लिटर पाणी, सव्वादोन किलो मीठ. आरओ ताशी दहा लिटर देतो, दुपारपासून लावला. रात्री मिसळून ड्रममध्ये फिरत ठेवलं, दुसरा हीटर टाकून.

२६ जानेवारी

सुट्टी, सगळे घरी. आधी दगडांच्या भोकांमधून टर्की बेस्टरने, म्हणजे रबरी फुग्याच्या मोठ्या पिचकारीने, पाणी मारलं. तपकिरी भुगा ढगासारखा उठला, तो खाली बसायच्या आत पाइपने ओढून घेतला. ६० लिटर गेले ते अशा गाळासकट. नुसतं वरचं स्वच्छ पाणी काढलं असतं तर अमोनिया तेवढाच उतरला असता, पण पुढचा अमोनिया ज्यातून येणार तो भुगा आतच राहिला असता. बदल करायचाच तर तो असा वसूल करावा.

नवं पाणी ३५ पीपीटी, २६ अंश, आतल्यासारखंच. भरल्यावर तासाने टेस्ट : ४.

संध्याकाळी बाटलीतले नायट्रिफाइंग जीवाणू घातले. आता स्किमर दोन दिवस बंद, नाहीतर फेसाबरोबर तेही कपात जातील. तेवढे दिवस पॉवरहेडचं तोंड पृष्ठभागाकडे.

३० जानेवारी

अमोनिया ४. नायट्राइट ०. बदल नाही. स्किमर पुन्हा चालू.

३ फेब्रुवारी

नायट्राइटच्या नळीत पहिल्यांदा जांभळट छटा. ०.२५. अमोनिया ४ आणि ३ च्या मधला.

भाचीला वाटत होतं काहीच घडत नाहीये. साधे जीवाणू अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट होतात. अमोनियावर जगणाऱ्यांना त्याला बारा तास ते एक दिवस, कधी त्याहून जास्त लागतो. सेर्गेई विनोग्रादस्कीने १८९० मध्ये मातीतून हे जीवाणू वेगळे काढले. खरकट्यावर न जगता नुसत्या अमोनियाच्या रासायनिक क्रियेतून ऊर्जा घेणारे जीव असू शकतात, हे त्या काळी नवं होतं. एवढ्याशा ऊर्जेवर संसार करायचा म्हटल्यावर वाढ सावकाशच होणार. आणखी एक, बरीच जुनी पुस्तकं नायट्राइटचं नायट्रेट करण्याचं काम नायट्रोबॅक्टरकडे देतात. १९९० च्या दशकात प्रत्यक्ष टँक तपासले तेव्हा ते काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करताना दिसला.

१० फेब्रुवारी

अमोनिया १. नायट्राइट तक्त्याच्या वर, गडद जांभळा.

दुकानात थेंब-किट आणायला गेले. दुकानदार भाईंनी आकडे ऐकून लगेच सांगितलं, "बेन, पाणी तो बदलवुं ज पडे ने!" गोड्या पाण्याच्या टँकमध्ये मासे असतील तर ते अगदी बरोबर. तिथे नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरतो आणि रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद जाते. खाऱ्या पाण्यात क्लोराइड इतकं मुबलक असतं की तेच कल्ल्यांवरची जागा अडवून धरतं, त्यामुळे नायट्राइटचा त्रास माशांना फार कमी होतो. आणि इथे तर मासाच नाही. शिवाय आता बदललं तर नायट्राइट खाणाऱ्यांचं ताट अर्ध्यावर ओढल्यासारखं.

नायट्रेट आज मुद्दाम मोजला नाही. ते किट नायट्रेटचं आधी नायट्राइट करतं आणि मग रंग देतं. आत आधीच नायट्राइट असेल तर तोही नायट्रेट म्हणून मोजला जातो, आकडा शंभर-दीडशे दिसतो आणि माणूस घाबरून बादली उचलतो. नायट्राइट शून्यावर येईपर्यंत नायट्रेटच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. सायकलिंगच्या दिवसांत विनाकारण होणाऱ्या पाणीबदलांमागे ही एक टेस्ट बऱ्याचदा असते असं माझं मत आहे.

बदल नाही.

१७ फेब्रुवारी

अमोनिया ०. नायट्राइट तसाच गडद. पीएच ७.९, आणि अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद, ६.६ डीकेएच (तिचं एकक). भरताना ८.५ होती.

ही घट हिशेबात बसते. अमोनिया खाताना जीवाणू आम्ल सोडतात आणि ते अल्कलिनिटीतून वजा होतं, एक पीपीएम अमोनियामागे सुमारे ०.३३ डीकेएच. बदलानंतरचा ४ आणि दगडांतून नंतर झिरपलेला मिळून पावणेसहाच्या आसपास खाल्ला गेला, म्हणजे १.९. बरोबर ६.६. कागदावरचं आणि नळीतलं इतकं जुळलं की बाबांनी हिशेब स्वतः पुन्हा करून पाहिला.

अल्कलिनिटी भरून काढायला पुष्कळ जण पाणी बदलतात. नवीन मिठात ती असतेच, त्यामुळे काम होतं. पण खायचा सोडा तेच करतो आणि अन्न आत राहतं. दीड डीकेएच वाढवायला १५० लिटरला पावणेसात ग्रॅम. आरओच्या पाण्यात विरघळवून, दोन दिवसांत विभागून, पॉवरहेडसमोर हळू ओतायचा. बेकिंग पावडर नव्हे, तिच्यात स्टार्च आणि आम्ल असतं.

१९ फेब्रुवारी

अल्कलिनिटी ८.१. बदल नाही.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. शंकराची सवारी सुरसागर तलावाकडे निघाली तेव्हा घरात मी आणि आईच होतो, निवांत मोजता आलं. अमोनिया ०, नायट्राइट ५ च्या खाली पहिल्यांदा. उतार लागला.

हवा कोरडी व्हायला लागली आहे. रोज लिटर-दीड लिटर पाणी उडतं आणि काचेवरच्या खुणेखाली जातं. काठावर मिठाची पांढरी खरबरीत रेघ जमते, ती ओल्या फडक्याने पुसून परत आत सोडते. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागे राहतं, म्हणून भर घालायची ती आरओच्या कोऱ्या पाण्याची. खारं पाणी ओतत राहिलं तर पंधरवड्यात ३५ चे ३८-३९ होतात. घरात सगळ्यांना हे सांगून ठेवलंय, कारण "पाणी घातलं" आणि "पाणी बदललं" यांची गल्लत इथेच होते.

४ मार्च

नायट्राइट ०.५.

७ मार्च

नायट्राइट ०. आता परीक्षा : मुद्दाम २ पीपीएम अमोनिया घालायचा आणि तो किती वेळात संपतो ते पाहायचं.

त्यासाठी अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागर. लहानपणी गल्लीत कल्हईवाला बसायचा, तापलेल्या पातेल्यात चिमूट टाकून कापसाच्या बोळ्याने कथील फिरवायचा आणि पांढरा, नाकाला झोंबणारा धूर उठायचा, तोच हा पदार्थ. कल्हईचा नवसागर मात्र इथे घालायचा नाही, त्यात काय मिसळलंय सांगता येत नाही. प्रयोगशाळेच्या दर्जाचा आणला. १५० लिटरला २ पीपीएम अमोनिया म्हणजे ३०० मिलिग्रॅम, आणि तेवढ्यासाठी नवसागर ०.९४ ग्रॅम. पुन्हा बाबांचा काटा. रात्री नऊला घातला, दहाला टेस्ट : २.

८ मार्च

रात्री नऊ. अमोनिया ०. नायट्राइट ०.२५.

जवळपास झालं. पण "जवळपास" वर मासा आणायचा नाही. नायट्राइट शून्यावर आला की पुन्हा एकदा तेवढाच डोस.

११ मार्च

काल रात्रीचा २ पीपीएम चोवीस तासांत साफ. दोन्ही नळ्या कोऱ्या. सायकल पूर्ण.

आता नायट्रेट मोजण्यात अर्थ आहे : २५ आणि ५० च्या मधला रंग, ३० धरला. एक पीपीएम अमोनियाचं शेवटी ३.६ पीपीएम नायट्रेट होतं आणि साधारण तेवढंच इथे दिसतंय.

१३ मार्च

होळी. मोठ्या बदलाची तयारी. ९० लिटर, म्हणजे ६० टक्के. आरओ सकाळपासून सुरू, दोन ड्रम भरले, रात्री मीठ. आजवर राखून ठेवलेला बदल तो हाच.

भाचीचा प्रश्न होता, रोज दहा-दहा टक्के सहा वेळा का नाही? करून दाखवलं तिला वहीत. एकदम ६० टक्के काढले की जुन्यातले ४० टक्के उरतात, ३० चे १२ होतात. दहा टक्के सहा वेळा काढले तर दरवेळी नव्यातलंही थोडं परत निघतं, शेवटी जुन्यातले ५३ टक्के उरतात, ३० चे १६. मीठ तेवढंच, पाणी तेवढंच, फायदा कमी. मासे-प्रवाळ असते तर हळूहळूच करावं लागलं असतं, एकदम मोठा फरक त्यांना सोसत नाही. रिकाम्या टँकमध्ये ही मोकळीक आहे, ती याच दिवशी वापरून घ्यावी.

१५ मार्च

धुळवडीचे रंग उतरेपर्यंत थांबलो. रंगाचे हात टँकमध्ये नकोत, साबणाचे तर नकोतच. आज सकाळी बदल केला.

हीटर आणि पॉवरहेड आधी बंद. हीटर उघडा पडून चालू राहिला तर काच तडकते. पाणी तळाच्या वाळूपर्यंत उतरवलं. वरचे दगड अर्धा तास उघडे होते, त्यांच्यावर आतल्याच पाण्याचा फवारा मारत राहिलो. थर ओला आहे तोवर जीवाणूंना काही होत नाही. नवं पाणी ताटलीवर धार सोडून भरलं, वाळू उठली नाही.

दुपारी : ३५ पीपीटी, २६ अंश, अल्कलिनिटी ८.२, अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट १० च्या किंचित पुढे.

मग खात्रीसाठी नवसागर १ पीपीएमचा. ६० टक्के पाणी गेल्यावर जीवाणूंची फौज कमी झाली का, हे बाबांना आकड्यात हवं होतं.

१६ मार्च

दोन्ही शून्य. बाबांनी वहीत स्वतःच्या हाताने लिहिलं.

२१ मार्च

दिवे सुरू केल्यापासून वाळूवर तपकिरी साय धरली आहे. डायटम, म्हणजे सूक्ष्म शैवाल. नव्या दगड-वाळूतल्या सिलिकेटवर येतात, बहुतेक नव्या टँकना येतात आणि सिलिकेट संपलं की ओसरतात. यासाठी पाणी बदलायची गरज नाही. आपलं पाणी ० टीडीएसचं आहे एवढं पाहिलं, दिवे सहा तासांवर आणले आणि काच चाटणाऱ्या गोगलगायी आणल्या. खारेपणा जुळवून, थेंब-थेंब पाणी देत, दीड तासाने आत सोडल्या.

२९ मार्च

गोगलगायी काचेवर मोकळ्या रेघा काढत फिरतायत. काल क्लाउनफिशची जोडी आली, पैदास केंद्रातली, समुद्रातून धरलेली नाही. आज दोघांनी खाल्लं. अमोनिया ०, नायट्रेट १२.

इथून पुढे अन्न रोज बाहेरून येणार आणि नायट्रेट चढतच राहणार, तेव्हा नेमाने बदल सुरू : दर आठवड्याला १५ लिटर, नायट्रेट २० च्या वर गेला तर २५. पहिलं पाणी ड्रममध्ये फिरतंय. उद्या गुढी उभारून झाली की बदलायचं. पाइप धरायचं काम बाबांनी मागून घेतलंय.